एका नावाखालचे अनेक आजार

मायोसायटिसचा, म्हणजे स्नायूंच्या दाहाचा रुग्ण आमच्यापर्यंत पोहोचतो तो बहुधा बरेच उंबरे झिजवून. तोवर बी-१२ची इंजेक्शनं झालेली असतात, कॅल्शियमच्या गोळ्या झालेल्या असतात, 'वयानुसार व्हायचंच' हे ऐकून झालेलं असतं. अशक्तपणाची तक्रार घरोघरी असते, आणि हा आजार दर वर्षी दहा लाखांत मोजक्याच लोकांना नव्याने होतो. त्यामुळे तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते. खांदे, मांड्या आणि मान यांचं बळ आधी जातं. हाताचे पंजे बहुतेक प्रकारांत बराच काळ शाबूत राहतात.

मराठवाड्यातल्या एका मावशींना मी विचारलं, "हातात ताकद आहे ना?"

"आहे की. रोज भाकरी थापते."

"आणि धुणं वाळत घालता येतं?"

त्या सुनेकडे बघायला लागल्या. सून म्हणाली, "त्यांचं धुणं मीच घालते मॅडम. वेणीपण मीच घालून देते."

जमिनीवर बसवून त्यांना उठायला सांगितलं, तर दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, अंग वर ढकलत त्या उठल्या. मग उताणं झोपवलं, कपाळावर दोन बोटं हलकेच टेकवली आणि मान उचलायला सांगितलं. मान उशीवरून सुटली नाही. बोटांच्या पेरांवर काळपट, जाडसर उंचवटे होते. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांत ते लाल-जांभळे दिसतात, कारण ती चित्रं बहुतांशी गोऱ्या कातडीची असतात. आपल्याकडे ते कामाने पडलेले घट्टे समजून सोडून दिले जातात. नंतर सीपीकेचा रिपोर्ट आला. स्नायूंना इजा झाली की हे द्रव्य रक्तात उतरतं, आणि मावशींच्या रक्तात ते कित्येक पटींनी वाढलेलं होतं.

निदान झालं, पण संशोधकाचं खरं काम इथून पुढे सुरू होतं. मायोसायटिस हे एकाच आजाराचं नाव नाही. १९७५ मध्ये अँथनी बोहान आणि जेम्स पीटर या अमेरिकी डॉक्टरांनी निदानाचे पाच निकष मांडले : दोन्ही बाजूंच्या स्नायूंचं सारखं दुबळेपण, बायोप्सी, रक्तातली स्नायूद्रव्यं, ईएमजी म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, आणि त्वचेवरचे चट्टे. त्या निकषांवर जगभर चार दशकं काम चाललं. त्यांनी 'हा स्नायूंचा दाह आहे का' याचं उत्तर दिलं. 'कुठला दाह' हे मात्र रक्तातल्या प्रतिद्रव्यांनी सांगितलं.

१९८० मध्ये अमेरिकेत निशिकाई आणि राइकलिन यांनी अशाच एका प्रतिद्रव्याचं वर्णन केलं आणि ज्या रुग्णाच्या रक्तात ते दिसलं, त्याच्या नावावरून त्याला 'जो-१' म्हटलं. तीन वर्षांनी कळलं की ते पेशीतल्या एका विकरावर हल्ला करतं, आणि हे विकर प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवण्याच्या कामी लागतं. जे विकर सगळ्या शरीरभर आहे, त्याच्यावरच्या रागाचा फटका स्नायू आणि फुफ्फुसांनाच एवढा का बसावा, हे कोडं आजही पूर्ण सुटलेलं नाही. पण उपयोग लगेच झाला. 'जो-१' सापडलं की रुग्णाला खोकला नसला तरी आम्ही फुफ्फुसं तपासून घेतो.

२००५ मध्ये जपानी संशोधकांनी आणखी एक प्रतिद्रव्य दाखवून दिलं. आज ते एमडीए-५ म्हणून ओळखलं जातं. यात स्नायू जवळपास ठणठणीत असू शकतात, चट्टे तेवढे दिसतात, आणि फुफ्फुसं काही आठवड्यांत ढासळू शकतात. २०१० नंतर जॉन्स हॉपकिन्समध्ये अँड्र्यू मॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळ्यांशी निगडित असलेला एक प्रकार वेगळा काढला. गोळी थांबवल्यावरही तो आजार चालूच राहतो आणि त्याला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात. टीआयएफ-१ गॅमा हे प्रतिद्रव्य प्रौढ माणसात दिसलं, तर लपलेल्या कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो. आणि उतारवयात मांड्यांसोबत बोटांची पकड सुटत जाणाऱ्या इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसमध्ये स्टेरॉइडचा फायदा होत नाही. ते ओळखलं की रुग्ण महिनोन्‌महिने स्टेरॉइडचा त्रास सोसण्यातून वाचतो.

म्हणून मला वाटतं, या क्षेत्रात वेगळेपण ओळखणं हाच निम्मा उपचार आहे. एकाच नावाखाली कोंबलेल्या माणसांना संशोधनाने एकेक करून त्यांचा स्वतःचा आजार दिला, आणि दर वेळी कुणाचं तरी औषध बदललं, कुणाची तरी तपासणी वेळेत झाली.

प्रत्येक सुधारणेला मोठी प्रयोगशाळा लागलीच असंही नाही. सुजलेल्या स्नायूंना व्यायाम दिला तर आजार बळावेल, या भीतीने रुग्णांना पूर्वी विश्रांतीच सांगितली जायची. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या फिजिओथेरपिस्ट हेलेन अलेक्झांडरसन यांनी इंग्रिड लुंडबर्ग यांच्यासोबत ही समजूत तपासायला घेतली. रुग्णांना घरी करता येतील असे साधे व्यायाम दिले, स्नायूंची ताकद मोजली, रक्तातली द्रव्यं पाहिली. दाह वाढला नाही, माणसं मात्र सुधारली. १९९९ आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांपासून आमच्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली व्यायामही येऊ लागला. स्टेरॉइड स्वतःच स्नायू झिजवतं, तेव्हा या व्यायामाचं मोल किती, हे मांडीत पुन्हा जोर आलेल्या रुग्णाला विचारावं.

आजार दुर्मीळ असला की कुठल्याही एका रुग्णालयाकडे पुरेसे रुग्ण नसतात. २०१७ मध्ये युरोप आणि अमेरिकेच्या संधिवात संघटनांनी नवे निकष आणले, त्यासाठी जगभरच्या केंद्रांतून मिळून ९७६ रुग्णांची माहिती गोळा करावी लागली. नव्या उपचारांतही आकडे छोटेच असतात. जर्मनीत एर्लांगेनला गेऑर्ग शेट यांच्या गटाने रुग्णाच्याच पेशींना नवं वळण देणारे कार-टी उपचार वापरले. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचा अनुभव मांडला, त्यांपैकी तिघे मायोसायटिसचे होते. निकाल आशा वाटावी असे आहेत, पण ते सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला वेळ लागेल.

आपले प्रश्न आपल्यालाच सोडवायला हवेत. इथे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध लिहिताना क्षयरोग सतत मनात ठेवावा लागतो. प्रतिद्रव्यांची तपासणी महाग आहे आणि ती मोठ्या शहरांतच होते. आपल्या रंगाच्या त्वचेवर चट्टे कसे दिसतात, हे आपल्याच रुग्णांकडून शिकावं लागतं. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेने 'मायोसाइट' या नावाने रुग्णांची शिस्तशीर नोंद ठेवायला घेतली, ते म्हणूनच मोलाचं आहे. नोंद नसेल तर आपले रुग्ण दुसऱ्यांच्या निकषांत कुठेतरी बसवले जातील, एवढंच.

या नोंदी आणि त्यांच्यासोबत घेतलेले रक्ताचे नमुने रुग्णांच्या संमतीवर उभे असतात. संमतीपत्र वाचून दाखवताना मी स्पष्ट सांगते, की या रक्ताचा तुम्हाला स्वतःला फायदा होईलच असं नाही. तरीही बहुतेक जण सही करतात, अंगठा देतात. मावशींनी विचारलं होतं, "दुसऱ्या कुणाला उपयोग होईल ना?" हो म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केला. जगातल्या प्रत्येक शीतपेटीत जपून ठेवलेल्या नमुन्यामागे असं कुणीतरी असतं, आणि शोधनिबंधावर त्याचं नाव कधीच येत नाही.

वाचकांना दोन गोष्टी कळकळीने सांगायच्या आहेत. घरातलं कुणी काही आठवड्यांपासून जमिनीवरून उठताना आधार शोधत असेल, डोक्यावर हात नेऊन केस विंचरू शकत नसेल, गिळताना ठसकत असेल, तर ते वयावर ढकलू नका. डॉक्टरांना सीपीकेबद्दल विचारा आणि गरज पडली तर संधिवाततज्ज्ञांकडे जा. आणि कधी कुणी संशोधनासाठी संमती मागितली, तर मनातले सगळे प्रश्न विचारा, समाधान झालं तर हो म्हणा. आज आम्ही जे उपचार करतो, त्यातले बरेचसे अशाच कुणीतरी आधी म्हटलेल्या 'हो'मुळे शक्य झाले आहेत.