गाढवीचे तोंड

वाचन: गणना 22:21-33



संडे स्कूलमध्ये बलामाच्या गाढवीची गोष्ट सांगितली की मुले हसतात. आम्हीही हसलो होतो. वाटेत देवदूत तलवार उपसून उभा. गाढवी वळली, भिंतीला घासली, शेवटी खाली बसली. बलामाने तिला तीनदा मारले. तेव्हा परमेश्वराने तिचे तोंड उघडले.

सन 1968 मध्ये अमेरिकेतील केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत ‘डान्सर्स इमेज’ने जिंकली. लघवीच्या तपासणीत फिनाइलब्युटाझोन हे वेदनाशामक निघाले. शर्यतीत ते मना होते. 2021 मध्ये तेथेच ‘मेडिना स्पिरिट’ पहिला आला. तपासणीत बेटामेथासोन सापडले आणि 2022 मध्ये विजय रद्द झाला. तोपर्यंत घोडा मेलाही होता. त्या औषधानेच मेला, असे मात्र आम्ही म्हणत नाही.

ही औषधे मुळात वाईट नव्हेत. पशुवैद्य ती देतात, पण सोबत विसावाही सांगतात. शर्यतीच्या दिवशी वेदना दडपली म्हणून पाय बरा होत नाही. जनावर त्याच दुखऱ्या पायावर सगळा भार टाकते आणि कधी हाड मोडते. लंगडणे ही मुक्या जिवाची वाणी होय. देवाने गाढवीचे तोंड उघडले. सुई ते बंद करते. तपासणीची बाटली ते पुन्हा उघडते.

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे घोडे नव्हेत, बैलांचा पट. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बैलांच्या शर्यतींना मनाई केली. 18 मे 2023 रोजी महाराष्ट्रासह तीन राज्यांचे शर्यतीचे कायदे मान्य केले. जनावराला अपायकारक औषध देणे 1960 च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण पटावर सेकंद मोजणारे घड्याळ आम्ही पाहिले, बाटली पाहिली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारी हळद-तुपाने बैलांचे खांदे शेकतात. नीतिसूत्रे 12:10 मध्ये नीतिमानाची ओळख प्रार्थनेवरून नव्हे, जनावराच्या जिवाच्या काळजीवरून दिली आहे. आणि आम्ही? जोडी सुटली की टाळ्या वाजवल्या. धावून आलेला बैल पाय कसा टाकतो, हे पाहायला थांबलो नाही.

बलामाचे डोळे उघडले, तेव्हा देवदूताने प्रवासाची गोष्ट नंतर काढली. गाढवीला तीनदा का मारलेस, हे आधी विचारले.