राजमुद्रा आणि रानमांजर

१९०० साली फ्रेंच काँगोच्या वसाहतीसाठी जी चित्रमय टपालतिकिटे निघाली, त्यांतील कमी किमतीच्या तिकिटांवर दबा धरून बसलेला एक बिबट्या आहे. त्या प्रदेशाला मध्य काँगो हे नाव मिळाल्यावर १९०७ च्या तिकिटांवर तोच बिबट्या आला. १९१५ साली त्याच्या अंगावर उबांगी-शारी-चाडचा ठसा उमटला, पुढच्या वर्षी जर्मनांकडून घेतलेल्या कॅमेरूनचा, आणि १९२२ साली एकट्या चाडचा. मुलुखांची नावे पालटली, हद्दी नव्याने आखल्या गेल्या. बिबट्याने मात्र आपली बैठक तिळमात्र सोडली नाही.

टपालतिकीट ही महसुलाची पावती खरी, परंतु ती सार्वभौमत्वाची मोहोरही असते, आणि त्या मोहोरेला तेज चढावे म्हणून सत्ता बलवान श्वापदाला साक्षीस उभे करते. इथिओपियाच्या मेनेलिकने १८९४ साली पॅरिसमध्ये छापवून घेतलेल्या पहिल्या तिकिटांपैकी चढ्या किमतींच्या तिकिटांवर त्याच्या राजपदाचे चिन्ह असलेला 'यहूदाचा सिंह' होता. आणि दोनच वर्षांनी अडवाच्या रणांगणावर इटलीच्या फौजेचा पाडाव करून त्याने ते चिन्ह सार्थ केले. त्याच इटलीने १९०३ साली सोमाली किनाऱ्यावरील बेनादिर वसाहतीच्या तिकिटांवर सिंहाचे मुख छापले, आणि त्याची किंमत घातली ती आपल्या परिचयाच्या आण्यांत. एकाच दशकात एका सिंहाने स्वातंत्र्याची ग्वाही दिली, दुसऱ्याने परसत्तेची. यावरून उघड होते की त्या साक्षीत प्राण्याचे स्वतःचे असे काहीच नव्हते.

म्हणून बोट्स्वानाच्या तिकिटांवर काळ्या पायांच्या रानमांजरीला मिळालेले स्थान मला अधिक मोलाचे वाटते. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील कोरड्या माळरानांवर रात्री हिंडणारी, जेमतेम दोन किलो वजनाची आणि उंदीर-पाखरांवर गुजराण करणारी ही मांजर. तिच्या नावाने कोणी राजा तख्तावर बसला नाही, की कोणत्या फौजेने तिचे निशाण मिरवले नाही. ज्या जिवाकडून प्रतिष्ठेची काडीमात्र प्राप्ती नाही, त्याला आपल्या मोहोरेवर जागा देणे म्हणजे मालकीचा दावा बाजूस ठेवून सांभाळाचे दायित्व कबूल करणे होय. पण कोल्ह्यांसाठी माळावर पेरलेले विषारी आमिष या मांजरीच्याही पोटात जाते. तेव्हा कागदावर दिलेली ती कबुली तेथे, त्या माळावर पाळली जाते की नाही, यावरूनच राज्याची पारख झाली पाहिजे.