कुस्तीला गुण देताना

जपानी मल्ल म्हटलं की मराठी माणसाला हेलसिंकी आठवतं. 1952 च्या त्या ऑलिंपिकमध्ये शोहाची इशी यांनी खाशाबा जाधवांना हरवलं आणि सुवर्णपदक नेलं; खाशाबांच्या वाट्याला कांस्य आलं. तिथे गुण पंचांनी दिले होते. जपानची व्यावसायिक कुस्ती निराळी. तिच्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. आपल्याकडच्या दंगलीत अशा कुस्तीला नुरा म्हणतात आणि लोक चिडून उठून जातात. मग टोकियोच्या बुडोकानमध्ये हजारो माणसं ती श्वास रोखून का पाहत असत?

आमच्या कामठीत जपानची ओळख ड्रॅगन पॅलेसमुळे. नोरिको ओगावा यांच्या मदतीतून 1999 मध्ये उभं राहिलेलं हे बुद्धविहार. आत पाऊल टाकलं की माणूस आपोआप गप्प होतो. बुडोकानच्या जुन्या चित्रफितींतला प्रेक्षकही बराच वेळ असाच गप्प बसलेला दिसतो. मग एकदम हजारो पाय जमिनीवर आपटू लागतात. निकाल ठरलेला असला, तरी ही माणसं लक्ष देऊन काय पाहत होती, हे मला त्या कुस्त्या पुन्हा पुन्हा पाहून उमगत गेलं.

3 जून 1994 ची मित्सुहारू मिसावा आणि तोशिआकी कावादा यांची कुस्ती घ्या. दोघे एकाच शाळेचे, कावादा एक वर्षाने धाकटे. जवळपास 36 मिनिटं ती चालली. मिसावांचं कोपर, कावादांची लाथ, पुन्हा कोपर. कुणालाच घाई नाही. एक फटका बसला की त्याची कळ पुढच्या दहा मिनिटांत दिसत राहते. दुखरा अवयव दोघांपैकी कुणीही विसरत नाही. मोठा नट जसा आपल्या वाक्यापेक्षा समोरच्याचं वाक्य ऐकताना कळतो, तसा इथे मल्ल मार खाताना कळतो. कावादा हरले. मिसावांना चीत करायला त्यांना पुढच्या वर्षीची जोडीची कुस्ती लागली, आणि एकास एक लढतीत किताब हिसकावायला 1 मे 1998 उजाडला. ते ठाऊक असलं की 1994 ची हार आणखी जड वाटते.

शेवट मात्र मला अस्वस्थ करतो. मिसावांनी त्या दिवशी क्वचित काढायचा डाव काढला: दोन्ही हात अडकवून समोरच्याला थेट मानेवर आपटायचं. प्रेक्षक बेभान झाले. पण अशा डावाला आपण जास्त गुण देतो, तेव्हा पुढच्या वेळी त्याहून भयंकर काही मागत असतो. आपल्या आखाड्यात माती उकरून, तेल-ताक घालून मऊ करतात. वस्ताद पोराला आधी पडायला शिकवतो. 13 जून 2009 रोजी हिरोशिमात, रिंगमध्ये पाठीवर आपटल्यावर मिसावा पुन्हा उठले नाहीत. मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली होती. वय 46. वर्षानुवर्षं त्या मानेने सोसलेल्या आपटींना दाद देणाऱ्यांत, उशिरा का होईना, मीही आहे.

म्हणून आता मी गुण देतो ते पहिल्या अर्ध्या तासाला. त्या रात्री कावादांना मानेवर पडावं लागलं नसतं, तरी ही कुस्ती मी एवढीच मोठी मानली असती.