हातातून सुटलेली वस्तू आणि अहिंसा

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांमध्ये सशाच्या रक्षणाची लीळा आबालवृद्धांस परिचित आहे. स्वामी वृक्षातळी आसनस्थ असता शिकाऱ्यांनी पाठलाग केलेला एक ससा प्राणभयाने धावत आला आणि स्वामींच्या जानूतळी दडला. शिकाऱ्यांनी तो मागितला. पण स्वामींनी शरणागतास त्यांच्या हाती दिले नाही. शेवटी शिकारी आपले मागणे सोडून निघून गेले.

ही लीळा आपण भक्तिभावाने ऐकतो आणि मनातल्या मनात स्वतःस त्या शिकाऱ्यांहून वेगळे समजतो. आपल्या हाती शस्त्र नाही, ताटात मांस नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर आपण पाऊल मागे घेतो. मग आपल्याकडून घडणारी हिंसा ती कोणती? उत्तर हवे असेल तर मोठ्या उपहाराच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भोजनमंडपाच्या मागील बाजूस जावे. तेथे उष्ट्या थर्माकोलच्या थाळ्या, पेले आणि गाठ मारलेल्या पिशव्या यांचा ढीग पडलेला असतो, आणि त्या ढिगात तोंड घालून एखादी गाय उभी असते.

अन्नाच्या वासाने ती पिशवीसकट अन्न गिळते. गाईच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यात ही पिशवी अडकते. ती पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. एकीत दुसरी गुंतत जाऊन तेथे घट्ट गोळा होतो. पोट भरलेले दिसते आणि जनावर आतून उपाशी असते. त्याचे रवंथ मंदावते, अंग झडते आणि शस्त्रक्रिया न झाल्यास ते झुरून मरते. या मृत्यूचा शिकारी कोण? त्याने कोणावर शस्त्र उगारले नव्हते. तो प्रसाद घेऊन, दंडवत घालून आपल्या घरी गेला होता. म्हणून ध्यानी धरावे की हिंसा केवळ हाताने घडते असे नाही. हातातून सुटलेल्या वस्तूनेही ती घडते. वस्तू टाकून आपण निघून जातो, पण तिचे कार्य आपल्यामागे चालूच राहते.

येथे कोणी जिज्ञासू शंका घेईल की, कार्यरूप प्रपंच तर अनित्य आहे. मग नदीनाल्यांची आणि रानावनाची चिंता साधकाने का वाहावी? शंका योग्य आहे. आपण नदीस वा वृक्षास परमेश्वर मानीत नाही, आणि प्रपंचाच्या मोहात गुंतावे असेही कोणी सांगत नाही. परंतु त्या अनित्य प्रपंचात देह धारण करून असलेला जीव नित्य आहे, आणि त्याला होणारी पीडा खरी आहे. आपल्या निमित्ताने मुंगीच्याही घरी दुःख येऊ नये, इतका सूक्ष्म आचार स्वामींनी शिकविला. तेव्हा हा विचार प्रपंचाच्या प्रेमापोटी नव्हे, जीवाच्या दयेपोटी करावयाचा आहे.

याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. भिक्षुकाची झोळी वस्त्राची असते. भिक्षा घ्यावी, भोजन करावे, झोळी धुऊन खांद्यावर टाकावी. मागे कोणास बाधेल असे काही उरत नाही. हाच नेम वासनिकांनी आपल्या शक्तीप्रमाणे उचलावा. बाजारास निघताना कापडी पिशवी सोबत घ्यावी. यात्रेस जाताना आपला तांब्या आणि ताट न्यावे; कागदी पेल्यासही आतून बहुधा प्लास्टिकचा लेप असतो, हे विसरू नये. उपहार देणाऱ्याने धातूची ताटे आणि ती घासण्याची सेवा यांची योजना प्रथम करावी. ते अशक्य असेल तेथेच पळसाच्या पत्रावळी वापराव्या. पानात हवे तेवढेच घ्यावे. उरलेले अन्न पिशवीत बांधून फेकू नये; ते वेगळे काढावे, आणि जे खाण्याजोगे नाही ते खड्ड्यात घालून मातीने झाकावे. प्लास्टिक जाळू नये, कारण त्याचा विषारी धूर शेजारच्या जीवांच्याच श्वासात जातो. देवास अर्पण करावयाचे वस्त्र प्लास्टिकच्या वेष्टनावाचून आणले तर भक्तीत तिळमात्र उणे पडत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली आणि केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली. परंतु राजाज्ञा दंडाच्या भयाने पाळली जाते, आणि पाहणारा कोणी नसला की मोडली जाते. आचाराचे तसे नाही. भोजनमंडपाच्या मागे कोणी पाहत नसताना आपण काय टाकतो, यावर आपली अहिंसा शब्दांची आहे की आचाराची, हे ठरते.

तो ससा धावत स्वामींच्या जानूतळी येऊ शकला. ढिगात तोंड घालून उभी असलेली गाय आपल्यापाशी शरण मागण्यास येणार नाही. आपल्यापासून भय आहे, हेच तिला ठाऊक नाही. म्हणून तिने न मागितलेले अभय आपणच आधी दिले पाहिजे. पुढच्या उपहारापासून एवढा एक नेम धरण्याची बुद्धी सर्वज्ञांनी आम्हां सर्वांस द्यावी, ही त्यांच्या श्रीचरणी प्रार्थना.

दंडवत प्रणाम.