देव चढणाऱ्याकडे शांती मागत नाही



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३.

या श्लोकात भगवंत दोन माणसांबद्दल बोलतात. एक 'आरुरुक्षु', म्हणजे ज्याला वर चढायचंय तो. दुसरा 'योगारूढ', म्हणजे जो वर पोहोचलाय तो. चढणाऱ्याचं साधन कर्म, पोहोचलेल्याचं साधन शम, म्हणजे मनाची शांती.

आता आपण काय करतो बघा. "आधी मन शांत होऊ दे, मग बसेन जपाला." "सध्या डोकं ठिकाणावर नाही, पारायण नंतर बघू." जी गोष्ट शिखरावर मिळायची, तिची अट आपण पायथ्याशीच घालतो. मग चढणंच राहून जातं.

माउलींनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा याच श्लोकापाशी त्यांनी योगाचा अख्खा डोंगर उभा केलाय. पायथ्याशी यमनियम, पुढे आसनाची पायवाट, मग प्राणायामाचा चढ, आणि त्यानंतर प्रत्याहाराचा असा कडा की तिथे बुद्धीचेही पाय घसरतात. तिथे माणूस टिकतो तो अभ्यासाच्या जोरावर, वैराग्याच्या नखांनी हळूहळू पकड घेत. आणि हे सगळं सांगण्याआधी माउली एकच ताकीद देतात : माथा गाठायचा असेल तर कर्माच्या पायऱ्या चुकवू नका.

गेल्या रविवारी ही ताकीद मला विरारच्या जीवदानीच्या डोंगरावर दिसली. माझ्यासोबत एक जुना मित्र होता. त्याचे बाबा जाऊन चार महिने झालेत. सुतक संपलं तरी त्याने देवापुढचा दिवा परत सुरू केला नव्हता. वर जायला तेराशेच्या वर पायऱ्या. निम्म्यात दम लागला म्हणून आम्ही कठड्याशी टेकलो, तेव्हा तो बोलला.

"अरे, दोनदा लावून बघितला दिवा. हात जोडले की डोळ्यापुढे हॉस्पिटलच येतं. मन तिथे नसताना दिवा लावायचा म्हणजे देवाला फसवल्यासारखं वाटतं. ढोंग नको, म्हणून सोडलं."

मी काही बोललो नाही. अशा वेळी श्लोक सांगितला तर तो कानापर्यंतच जातो.

तेवढ्यात खालून एक ताई आल्या. नवस असावा. प्रत्येक पायरीला वाकून हळद-कुंकू लावत होत्या. मध्येच मुलाला ओरडल्या, "कडेने चाल!" मग फोन वाजला. खांद्याने कानाशी धरून म्हणाल्या, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर कुकर." आणि बोलता बोलता पुढच्या पायरीला कुंकू. आमच्या समोरून तशाच वर निघून गेल्या.

मित्र बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मन सगळीकडे होतं त्यांचं. पण पायरी एक चुकली नाही."

वर दर्शन झालं. बाहेर येऊन आम्ही उभे राहिलो. एका बाजूला पापडखिंड धरणाचं पाणी, खाली पसरलेलं विरार, मधून जाणारी लोकल. ती बघून तो स्वतःशीच हसला. "बाबा दिवा लावायचे ना, तेव्हा एक डोळा घड्याळावर असायचा. लोकल चुकायला नको म्हणून. तीस वर्षं तसाच लावला."

बाबांचा तो दिवा ढोंग होता का? हा प्रश्न त्याला मी विचारला नाही. विचारायची गरज उरली नव्हती.

मंडळी, याचा अर्थ मन कुठेही राहू दे, हात हलवले की झालं, असा नाही. याच अध्यायात पुढे भगवंत सांगतात की मन जिथे जिथे पळेल तिथून त्याला परत आणा. पण 'परत आणा' म्हटलं, याचाच अर्थ ते पळणार हे त्यांनी धरूनच चाललंय. अर्जुनासारखा वीर म्हणतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. तेव्हा भगवंत त्याला रागावत नाहीत. खरंय म्हणतात, आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय हातात देतात. मन भटकतं म्हणून त्याला कुठेही अपात्र ठरवलेलं नाही.

ढोंग म्हणजे लोकांनी बघावं म्हणून केलेलं. दुःखात, घाईत, विखुरलेल्या मनाने केलेलं ते ढोंग नव्हे. ती चढण आहे. चढणाऱ्याला दम लागतो, घाम येतो, मध्ये बसावंसं वाटतं. बसा की थोडं! गुडघे साथ देत नसतील तर रोप-वेने जा, देवी तीच आहे. फक्त "माझं मन शुद्ध नाही" म्हणून पायथ्यावरून परत फिरू नका.

मेडिटेशन अ‍ॅपवरची स्ट्रीक तुटली, पारायण अर्ध्यात राहिलं, घरात कुणी गेलं आणि देवघराकडे बघवत नाही, असं तुमच्यापैकी कुणाचं चालू असेल, तर आजचा श्लोक तुमच्यासाठी आहे.

आजचा संकल्प : सुटलेली एकच छोटी गोष्ट आज पुन्हा करा. एक दिवा, एक माळ किंवा नुसता नमस्कार. मन लागलं का, याचा हिशोब आज मांडू नका. उद्या पुढची पायरी.

राम कृष्ण हरी 🙏