बाजूने चालणाऱ्याचा हक्क

पावसाळा स्थिरावला की सह्याद्रीच्या वाटा माणसांनी भरून जातात. शनिवारी रात्री शहरातून बस निघते. तीत तीस-चाळीस माणसे असतात आणि त्यांतील बहुतेकांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिलेले नसते. अलीकडे आपल्या घरांतील तरुणही अशा ट्रेकला जाऊ लागले आहेत आणि आईवडिलांच्या मनात प्रश्न उभे राहू लागले आहेत. परक्यांत आपला मुलगा कसा राहील? नमाजचे काय? खाण्याचे काय? नाव ऐकून कोणी तोंड फिरविले तर? हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु ते सर्व ‘लोक आपल्याशी कसे वागतील’ याविषयीचे आहेत. दिव्य कुरआन आपले लक्ष आधी दुसऱ्या बाजूकडे वळवितो.

सूरह अन-निसाच्या 36व्या आयतीत अल्लाहने केवळ आपलीच उपासना करण्याचा आदेश दिला आणि लगेच ज्यांच्याशी सद्वर्तन करावयाचे त्यांचा उल्लेख केला. त्यांत आईवडील आहेत, नातलग, अनाथ व गरजू आहेत, नात्यातला शेजारी आहे आणि परका शेजारीही आहे. त्यानंतर शब्द येतात ‘अस्साहिबि बिल-जम्बि’, म्हणजे बाजूचा सोबती. काही भाष्यकारांनी याचा अर्थ पत्नी असा घेतला, तर अनेकांनी प्रवासातील सोबती असा. म्हणजे जो काही तास आपल्या शेजारी बसला किंवा आपल्या बरोबरीने चालला, त्याचाही आपल्यावर हक्क निर्माण झाला. त्याचा धर्म, जात वा गाव विचारण्याची अट या शब्दांत नाही. बसमध्ये शेजारच्या आसनावर येऊन बसलेला तो अनोळखी तरुण हाच आपला बाजूचा सोबती होय.

मग परक्यावर विश्वास ठेवावा तरी कसा? हिजरतचा प्रसंग आठवा. मक्केचे लोक प्राणांवर उठलेले होते, पकडून देणाऱ्यास शंभर उंटांचे बक्षीस जाहीर झाले होते. अशा वेळी प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांनी वाटाड्या म्हणून अब्दुल्लाह बिन उरैकित याला मोलाने ठरविले. तो मुस्लिम नव्हता, कुरैशांच्याच धर्मावर होता. पण वाटांचा जाणकार आणि शब्दाचा पक्का होता. दोन्ही उंटिणी त्याच्या हवाली करण्यात आल्या आणि तीन रात्रींनंतर सौर डोंगराच्या गुहेपाशी येण्याचे ठरले. ठरल्याप्रमाणे तो आला. ज्याच्या एका शब्दावर शंभर उंट मिळाले असते, त्याने तो शब्द उच्चारला नाही. विश्वास पारखून ठेवावा, परंतु माणूस परधर्मीय आहे एवढ्यावरून तो नाकारू नये, हे या घटनेतून स्पष्ट होते. (डोंगर चढणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हिरा, सौर आणि उहुद ही नावे जरा आठवून पाहावीत.)

आता एक प्रत्यक्ष वाट डोळ्यांसमोर आणू या. अकोले तालुक्यातील बारी गावातून कळसूबाईची वाट वर जाते. 1646 मीटर उंचीचे हे शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. नवखी माणसे येथे हमखास येतात, कारण कड्यांच्या जागी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. तळाशी पोहोचेपर्यंत पहाट झालेली असते. इतर लोक चहा घेत असतात, तेवढ्यात फज्र अदा करता येते. संपूर्ण भूमी आपल्यासाठी सजदागाह ठरविली गेली आहे. तेव्हा एखादी कोरडी, स्वच्छ जागा पुरेशी आहे. जुहरचे मात्र आधी ठरवावे. निघण्यापूर्वीच नेतृत्व करणाऱ्यास सांगावे की, दुपारी मला दहा मिनिटे लागतील. आधी सांगितलेल्या गोष्टीला सहसा कोणी नकार देत नाही. आयत्या वेळी चाळीस माणसांना खोळंबून ठेवले तर मात्र कपाळाला आठ्या पडणारच. मुंबईहून गेलेला मनुष्य येथे मुसाफिर ठरतो व चार रकअतींच्या जागी दोन पढतो. कोकणातील शाफई कुटुंबांना जुहर व अस्र एकत्र करण्याची सवलत आहे, हनफी मतानुसार ती नाही. नाशिकहून हे अंतर बरेच कमी भरते, म्हणून तेथील तरुणांनी आपल्या इमामांना आधी विचारून घ्यावे.

तीन माणसे प्रवासास निघाली तरी त्यांनी एकास अमीर नेमावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. डोंगरावर या शिकवणीचे मोल लगेच कळते. धुके उतरले की वाट दिसेनाशी होते आणि ‘मला जवळचा रस्ता माहीत आहे’ म्हणणारा एक तरी निघतोच. उहुदच्या टेकडीवर नेमलेल्या तिरंदाजांपैकी बहुतेकांनी आज्ञा मोडून जागा सोडली, त्याची किंमत संपूर्ण सैन्याला मोजावी लागली. नेता वयाने लहान असो वा परधर्मीय असो, वाटेपुरते त्याचे ऐकणे हा शिस्तीचा भाग आहे.

आणि स्वतः प्रेषित (स.) प्रवासात कोठे चालत असत? हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार ते तांड्याच्या मागे राहत, अशक्तांना पुढे हाकारत, कोणाला आपल्या मागे वाहनावर बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करीत. आपल्या तरुणांनी यावर थांबून विचार करावा. शिखरावर प्रथम पोहोचण्याची हौस सर्वांनाच असते. पण श्वास लागलेली, पाय थरथरणारी, ‘तुम्ही व्हा पुढे’ असे ओशाळून म्हणणारी व्यक्ती प्रत्येक गटात असते. तिच्या सोबत मागे राहणे ही प्रेषितांची (स.) रीत आहे. सूरह बनी इस्राईलमध्ये ऐटीत चालणाऱ्यास बजावले आहे की, तू उंचीने पर्वतांना गाठू शकणार नाहीस. शिडीपाशी हे आणखी खरे ठरते. कोणी मध्यावर भीतीने गोठून उभा राहिला की खालून हशा पिकतो, मोबाईल पुढे येतात. एका प्रवासात झोपलेल्या साथीदाराची दोरी काहींनी गमतीने उचलली आणि तो दचकून जागा झाला, तेव्हा लोक हसले, परंतु प्रेषितांनी (स.) माणसाला असे घाबरविणे अवैध ठरविले. शिडीवर थिजलेल्याला एक शांत आवाज आणि खालून पायाला दिलेला आधार हवा असतो.

शिदोरीविषयी थोडेसे. हलालचा प्रश्न स्वतःचा डबा नेल्याने सुटतो. परंतु डबा एकट्यापुरता नसावा. ज्याच्याजवळ जादा वाहन वा जादा शिदोरी असेल त्याने ती नसलेल्यास द्यावी, असे प्रेषितांनी (स.) प्रवासातच सांगितले होते. समोरचा शाकाहारी असू शकतो, म्हणून चपात्या, चटणी, खजूर असे सर्वांना चालेल ते अधिक घ्यावे.

शिखरावर कळसूबाईचे छोटे मंदिर आहे. सोबती दर्शनाला जातील. आपण तेथे उपासना करणार नाही, हे उघड आहे आणि ते लपविण्याचे कारणही नाही. परंतु इतरांच्या आराध्यांविषयी अनुचित शब्द काढण्यास कुरआनने मनाई केली आहे. ते परत येईपर्यंत त्यांच्या पिशव्या सांभाळाव्यात.

मुलींच्या बाबतीत घरोघरी ‘नाही’ म्हणून विषय संपविला जातो, हे मला पटत नाही. महरमशिवाय प्रवासाची मनाई आहे आणि तिच्या तपशिलात फकीहांनी चर्चा केली आहे. पण भावाने वा वडिलांनी सोबत जाण्यास कोणती अडचण आहे? प्रवासातच प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. वडिलांचेही गुडघे थोडे मोकळे होतील.

हजरत उमर (रजि.) यांच्यासमोर एकाने दुसऱ्याच्या चारित्र्याची ग्वाही दिली, तेव्हा त्यांनी विचारले की, तू त्याचा शेजारी आहेस काय, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस काय, त्याच्यासोबत प्रवास केला आहेस काय? उत्तर नकारार्थी येताच ते म्हणाले की, मग तू त्याला ओळखत नाहीस. आपल्या देशबांधवांपैकी कितीजण आपल्याला या अर्थाने ओळखतात? बसमधील त्या तरुणाने मुसलमानांविषयी पुष्कळ ऐकलेले असेल, परंतु मुसलमानासोबत चाललेला तो पहिल्यांदाच असेल. संध्याकाळी त्याला घरी कोणी विचारले तर तो आपल्याविषयी ग्वाही देईल.

चढताना सहाबा ‘अल्लाहु अकबर’ म्हणत आणि उतरताना ‘सुब्हानल्लाह’. उतरणीवर पाय अधिक घसरतात, तेव्हा जिभेवर हे स्मरण आणि हात सोबत्यासाठी मोकळा असू द्यावा. वाटेतल्या रिकाम्या बाटल्या उचलाव्यात, कारण रस्त्यातील त्रासदायक वस्तू हटविणे हा सदका आहे. बारीत परतल्यावर घरी फोन करून पोहोचण्याची वेळ कळवावी, कारण रात्री अचानक घरी येऊन थडकणे प्रेषितांना (स.) आवडत नसे. ते प्रवासाहून परतले की प्रथम मस्जिदीत जाऊन दोन रकअत नमाज अदा करीत.