गजरा की कडे

तबल्याची पुडी काठाशी धरून ठेवणारा चामड्याचा वेणीसारखा पेड म्हणजे गजरा. त्यातून ओवलेली वादी खाली-वर जाते, वादीखाली ८ लाकडी गठ्ठे. स्वर फार उतरला तर गठ्ठे ठोकायचे, थोडा उतरला तर गजऱ्यावर हातोडी. हल्ली हेच काम लोखंडी कडे आणि नटबोल्ट करतात. ढोलकीत ते केव्हाच रुळले. तबल्याशी मात्र दोन्ही पर्याय ठेवले की माणसे एकदम नीतीची भाषा बोलू लागतात.

पाश्चात्त्य ड्रमवाले याबाबत मोकळे. पत्र्याचे कडे किंचित लवते म्हणून नाद खुलतो; ओतीव कडे ताठ, म्हणून नाद आखडतो; लाकडी कडे कोणाला उबदार वाटते. कानाला पटेल ते घ्यावे.

आपल्याकडे एक पक्ष म्हणतो, चामडे नको, हिंसा नको. पण कडे लावले तरी बोटे पडतात ती पुडी बकऱ्याच्या कातड्याचीच. जनावरांचा हिशेब थोडा कमी होतो, मिटत नाही. मला शंका येते की पुष्कळदा आपल्याला टाळायचा असतो तो कातडे कमावणाऱ्याचा हात. मृदंग घडवणाऱ्यांवरचे टी. एम. कृष्णा यांचे 'सेबास्टियन अँड सन्स' २०२० मध्ये आले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेले सभागृह ऐनवेळी नाकारले. मृदंगाच्या नादावर कितीही बोला. ते कातडे कुठून आले आणि कोणी सोलले, हे विचारले की सभा अस्वस्थ होते.

दुसरा पक्ष परंपरेचा. माझा कल इकडे, म्हणून त्यालाच जास्त तपासतो. बडोद्यात ज्यांच्याकडून मी पुड्या चढवून घेतो, त्या चाचांच्या बोटांना ओली वादी ओढून कायमच्या चिरा पडल्या आहेत. मुलगा मोबाइल दुरुस्ती शिकतो, आणि त्यांना तेच हवे आहे. गजरा टिकावा असे मी म्हणतो तेव्हा तो कोणाच्या पोराने टिकवायचा? माझ्या तर नाही. तो बँकेत आहे.

तरी माझ्या जोडीला गजराच आहे. हातोडीच्या हलक्या ठोक्याने एकेका घराचा स्वर हवा तेवढाच सरकतो, ते माझ्या कानाला हवे असते. एवढेच कारण, त्याला दयेचे किंवा पावित्र्याचे नाव मी देत नाही. शिकवणीच्या तीन जोड्यांना मात्र बोल्ट लावून घेतले. पावसाळ्यात पुडी सैल पडली की दहा वर्षांच्या मुलालाही पाना फिरवता येतो.

कडी चाचांनीच आणून बसवली. वाईट वाटले का, असे विचारले तर हसले. म्हणाले, वादी ओढायची मजुरी गेली, मग पुडीची वाढवून द्याल ना? मी हो म्हटले. किती, ते अजून ठरायचे आहे.